लाल पेनाने खोडलेला आकडा

भंडाऱ्याला डिप्लोमा करत होते तेव्हाची गोष्ट. त्या गोष्टीची चीड अजून गेलेली नाही.

प्रयोग साधा होता. प्रोसेसर एक आकडा शून्यापर्यंत उतरवत नेतो आणि तेवढा वेळ दिवा लागलेला राहतो. दिवा एक सेकंद लागायला हवा होता. त्या वर्षी प्रयोगाच्या किटचा क्लॉक एक मेगाहर्ट्झवरून दोनवर गेला. म्हणजे प्रत्येक सायकल निम्म्या वेळात संपणार, म्हणून मी जर्नलमध्ये पेन्सिलीने आकडा दुप्पट लिहिला. सरांनी लाल पेनाने तो खोडला आणि जुन्याच्या निम्मा लिहिला.

"फ्रिक्वेन्सी डबल, तं टाइम बी डबल. येवढं समजत नाही?"

"सर, ते इन्व्हर्सली प्रपोर्शनल..."

"मराठीत सांग ना, कॉन्व्हेंटवाली!"

वर्ग हसला. 'व्यस्त प्रमाण' हा मराठी शब्द मला तेव्हा सुचेना. मी खाली बसले.

शनिवारी सानगडीला मामीकडे गेले. मामी आणि शेजारीण एकाच उखळात पोहे कुटत होत्या, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. मी मामीला सगळं सांगितलं.

"जल्दी कुटलं का दोन ठोक्यांच्या मंधातला टाइम कमीच होते ना, बाई," ती न थांबता म्हणाली. "त्याले इंग्रजी कायले पायजे?"

सोमवारी मी सरांना तेच सांगितलं.

"पोहेच कुटायचे तं इथं कायले आली? पान नवीन लिही, मंग सही."

जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसू देत नसत. मी त्यांचा चुकीचा आकडा माझ्या सुंदर अक्षरात उतरवला. खोडलेलं पान मात्र फाडलं नाही, मागे टाचून ठेवलं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या जर्नलमधला आकडा किटमध्ये भरायला लावला. दिवा पाव सेकंदात विझला.

"हे कसं काय?" त्यांनी मला विचारलं.

सर शेजारीच उभे होते. म्हणाले, "मुलींचं लक्ष नसते, साहेब."

मी मागचं पान उलटून परीक्षकांसमोर ठेवलं.

"पेन्सिलीचा आकडा माझा आहे. लाल पेन माझं नाही."

त्यांनी तो आकडा भरायला सांगितला. दिवा पूर्ण एक सेकंद लागला. परीक्षकांनी मार्क लिहिले. सर खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर त्याच वर्गात, ज्यांच्यासमोर माझं हसं केलं होतं त्यांच्यासमोर, "माझं चुकलं" एवढंही ते म्हणाले नाहीत.