धाकटीची डावी बाजू

थोरल्या जावेनं पार्लर काढलं, धाकटीला हाताशी घेतलं, कात्री धरायला शिकवली. आणि बघता बघता गिऱ्हाइकं धाकटीच्याच खुर्चीसाठी खोळंबू लागली. धाकटीचे केस दाट, हात हलका, बोलणं गोड. देवानं हिला देताना हात आखडलाच नाही, असं थोरलीला वाटे. ती जळायची, आणि जळता जळता डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवायची. कधी तरी चुकेलच की!

आणि धाकटी चुकली. शाळेतल्या बाईंचे केस डावीकडे बोटभर लांब राहिले. मग आणखी दोघींचे, तेही डावीकडेच. गिऱ्हाइकं कुरकुरत थोरलीकडे वळली. तिला गुदगुल्या झाल्या.

पुढं धाकटी सकाळी डोकं धरून उठू लागली. खाली वाकलं की ठणका वाढे, पोटात काही नसताना उलटी होई. सासूबाई गालात हसल्या. थोरलीची कूस उजवली नव्हती; आता हेही हिलाच, म्हणून तिचा तिळपापड झाला. पण तपासणीत तसं काही निघालं नाही. मग सगळ्यांनी पित्तावर ढकललं.

एके दुपारी थोरलीनं धाकटीच्या डाव्या हाताशी चहा ठेवला. जरा वेळानं धाकटीनं विचारलं, "ताई, माझा चहा राहिला का?"

थोरली चरकली. लांब राहिलेले केस, दाराच्या चौकटीला आपटून दंडावर पडलेले डाग, सगळं डावीकडचंच. हिच्याकडे इतकं निरखून नवरासुद्धा बघत नव्हता. गप्प राहिलं तर गिऱ्हाइकं आपलीच, हेही तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

"भावोजी," ती दिराला म्हणाली, "हे पित्त नाही. हिला डावीकडचं दिसत नाही. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या."

मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धाकटीनं हट्ट धरला, केस काढायचे तर ताईंनीच. नर्सनं मशीन थोरलीच्या हाती दिलं. ज्या केसांवर ती इतकी वर्षं जळली, ते पुंजक्या-पुंजक्यांनी तिच्या पायांशी पडले. खालून निघालेलं डोकं मात्र अगदी घडीव, मान सुरेख.

"मेली टकलीसुद्धा देखणीच दिसतेस," थोरली म्हणाली. "बरी होऊन ये गं. मी जळू कुणावर?"