कोऱ्या पानांचे फोटो

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, त्याची माफी. चौथीपर्यंतच शिकले. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागायची सवय जात नाही. पुढे जे लिहिते आहे त्याची मात्र मागणार नाही.

गोखिवऱ्यात एका वकीलबाईंच्या ऑफिसात मी झाडलोट करत होते. मोबाइलवरचे मेसेज, संगणकातल्या फायली, जुने सरकारी कागद कोर्टासाठी सांभाळून ठेवायचे, हे त्यांचं काम. एका गावच्या घरपट्टीच्या जुन्या वह्या स्कॅन करायला आल्या आणि बाईंनी मला मशीनवर बसवलं. टाचण्या काढायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, पानाच्या दोन्ही बाजू काचेवर ठेवायच्या. "ताई, काय कामाचं ते आपण ठरवायचं नाही," त्या म्हणाल्या.

मशीन स्कॅनिंगचं काम घेतलेल्या कंत्राटदाराची होती, त्या कामाचा पगारही तोच द्यायचा. त्याला घाई.

"मावशी, मागची बाजू कोरी आहे. सोडा ना! लग्नाचा अल्बम आहे का?"

शेजारच्या मशीनवरच्या मुली हसल्या. मी खाली मान घालूनच म्हटलं, "फोटो नसला तर पान कोरं होतं हे उद्या कोण सांगणार?"

"घ्या! मावशी वकील झाल्या."

काम हळू म्हणून त्याने महिन्याला चारशे कापले. तीन महिने. मी बाईंना सांगितलं नाही, लाज वाटली. पण एकही बाजू सोडली नाही. चौथ्या महिन्यात त्याने मला उठवलं. पुन्हा झाडू हातात आला, पण तोवर त्या वह्या माझ्या हातून पुऱ्या झाल्या होत्या.

पुढच्या वर्षी वटारच्या एका विधवेच्या घराचा दावा बाईंकडे आला. तिच्या दिराने कोर्टात आम्ही स्कॅन केलेल्या वह्यांतलीच एक वही दाखवली. पानामागे शाईने लिहिलेलं, घर त्याच्या नावे केलं म्हणून. बाईंनी आमची फाइल काढली. तेच पान, मागची बाजू पिवळी, कसर लागलेली आणि कोरी. संगणक प्रत्येक फायलीला एक लांब आकडा देतो, फायलीत एक टिंब बदललं तरी तो बदलतो. आकडा पहिल्या दिवशीचाच होता. म्हणजे शाई नंतरची. घर त्या विधवेचंच राहिलं.

ऑफिसात वकीलबाईंनी विचारलं, "मागच्या बाजू कुणी केल्या?"

"आमच्या टीमने, मॅडम," कंत्राटदार म्हणाला.

"मी केल्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आणि त्याबद्दल यांनी माझे बाराशे कापले."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मला दाराशी बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "मावशी, सहाशे घ्या, विषय मिटवा."

"काम अर्धं केलं असतं तर सहाशे घेतले असते."

त्याने पाकीट काढलं. मी बाईंच्या टेबलाशी येऊन नोटा मोजल्या. पूर्ण बाराशे होते.