तडा जाण्याआधी

फुटक्या वस्तू भंगारात जातात, त्यांचे किस्से मात्र साचतच राहतात! नव्वदच्या दशकात सातपूरच्या सिरॅमिक कारखान्यातली आमची टेस्टिंग लॅब म्हणजे किस्स्यांचं गोदामच. तिथे आम्ही तिघं: कॉम्प्युटरवर मॉडेल करणाऱ्या विद्या मॅडम, प्लेटा तपासणारे कळवणचे आहेरकाका आणि मशीन चालवणारा मी. ठिसूळ प्लेटमध्ये डोळ्यांना न दिसणारे तडे कसे वाढतात, ते शोधायचं, एवढंच काम.

*

काका प्लेट बोटाने ठोकायचे आणि कानाशी धरायचे. एकदा म्हणाले, "ही नाय टिकायची."

मायक्रोस्कोपखाली प्लेट स्वच्छ! मी हसलो, ती कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि डबा खायला गेलो.

परत येऊन कपाट उघडलं. दोन तुकडे.

"ताण घेऊनच निघाली व्हती ती भट्टीतनं," काका म्हणाले. "आपण उशिरा विचारलं."

*

मॅडमचं मॉडेल दोन-दोन दिवस चालायचं. पडद्यावर एकमेकांना चिकटलेले हजारो कण. त्यांच्यामधल्या रेषा एकेक करून उसवायच्या आणि शेवटी त्या फटी जुळून मोठा तडा व्हायचा.

एकदा मी खरी प्लेट मशीनवर मोडली आणि तुकडे मॅडमच्या प्रिंटआउटवर ठेवले. तीच रेघ! तोच मधला बाक!

"मॅडम, पेढे द्या!"

त्या पांढऱ्याफटक पडल्या. "अरे, कण मी रँडम टाकले होते. या प्लेटशी त्यांचा काही संबंधच नाही. तो कागद आधी उलटा ठेव!"

*

तडा वाढताना बारीक आवाज होतो. तो पकडायला प्लेटला सेन्सर चिकटवायचो. एकदा साहेब राउंडला आले, तर स्पीकरवर टिक... टिक...

"लोड किती आहे हिच्यावर?"

"शून्य, सर. मशीन बंद आहे."

साहेब दारातच थांबले. "मग ही बोलतेय कोणाशी?"

*

काका मुलीच्या लग्नासाठी कळवणला गेले होते तेव्हाची गोष्ट. भर दुपार. मॅडम हेडफोन लावून ऐकत होत्या, मी लोड वाढवत होतो. टिकटिक वाढत गेली आणि एकदम थांबली. "वायर सुटली वाटतं," म्हणत मॅडम मशीनची जाळी उघडून आत वाकल्या.

आणि झटक्यात मागे सरल्या. त्याच क्षणी प्लेट फुटली! एक तुकडा मागच्या लाकडी दारात रुतला, बरोब्बर चेहऱ्याच्या उंचीवर.

"काका ओरडले ना, मागं सरा म्हणून!" मॅडम म्हणाल्या.

"काका? कुठून?"

त्यांनी कानावरच्या हेडफोनला हात लावला.

कोणाला काही सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. सोमवारी काका लग्नाचे लाडू घेऊन आले. घसा पार बसलेला. डबा टेबलावर ठेवायच्या आधीच त्यांनी मॅडमकडे बघून विचारलं,

"लागलं तर नाय ना?"