ज्याला मारलं त्याचा कप

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा नॉटिंगहॅमच्या मुकुंदकाकांचा आहे. जिंतूरहून इथे शिकायला आलो तेव्हा मी आमच्या घरातला पहिलाच पदवीधर होतो, आणि चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मी मान खाली घालायचो. काकांनी मला स्वतःच्या घरात खोली दिली आणि इंटरव्ह्यूच्या आधी स्वयंपाकघरात उभं करून बोलायला लावलं. "खाली काय बघतोस? फरशीकडे नोकरी मागायचीय का?" नोकरी मला खरं तर त्या स्वयंपाकघरातच लागली.

हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेले काका दर वर्षी इथल्या मराठी मंडळाचं नाटक बसवत. तालीम रविवारी, चर्चच्या हॉलमध्ये. प्रत्येकाने आपापला कप आणायचा, आणि नाटकात ज्याला मारलं त्याचा कप तालमीनंतर मारणाऱ्याने धुवायचा, हा काकांचा नियम. "स्टेजवर मारणं सोपं असतं रे," ते म्हणत. "उष्टा कप हातात आला की माणूस आठवतो."

या वर्षीचं नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं. ज्या सरदाराने पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्यालाच गादीसाठी मारणारा एक सेनापती. ती भूमिका विनायककाकांची. मी पहारेकरी, त्यांच्या हातून दुसऱ्याच प्रवेशात मरणारा. माझा कप धुताना ते कुरकुरायचे, "लेका, साखर किती घालतोस! तुला मारायची गरजच नाही."

दोघे काका तरुणपणी एकत्रच या देशात आलेले, अजूनही एकमेकांना मुक्या आणि विन्या म्हणणारे. पत्नी गेल्यापासून विनायककाका रविवारचीच वाट बघत. पण हल्ली त्यांना संवाद आठवेनात. आणि काकांना आपलं नाटक एकदा तरी लंडनच्या नाट्यमहोत्सवात न्यायचं होतं.

एका रविवारी चहा झाल्यावर काका म्हणाले, "विन्या, या वर्षी तू जरा रेस्ट घे. सेनापती हा करेल." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"रेस्ट कसली? ड्रॉप केलं म्हण की सरळ." विनायककाका हसले. माझा खांदा थोपटून म्हणाले, "शेवटच्या ओळीला आवाज पडू देऊ नकोस हं." मग कोट घालून निघून गेले. कप टेबलावरच राहिला.

काकांनी तो उचलून सिंकपाशी नेला आणि बराच वेळ धूत राहिले.

विनायककाका पुन्हा आले नाहीत. काका मात्र हॉलच्या खिडकीत ठेवलेला तो कप दर रविवारी काढून धुवायचे.

"काका, तो स्वच्छच आहे," मी एकदा म्हणालो.

"तू तुझं काम बघ. आणि सेनापतीला काही कळत नव्हतं, असं दाखवू नकोस. त्याला सगळं कळतं. कळूनही हात थांबत नाही, हेच त्याचं दुखणं आहे."

बोलताना ते कपाकडे बघत होते. नोकरी लागल्यापासून मी वेगळा राहत होतो; त्या रात्री घरी जाऊन मी त्यांना पत्र लिहिलं:

"काका, साष्टांग नमस्कार. बोलायला तुम्हीच शिकवलंत, तरी हे तोंडावर सांगायची हिंमत होत नाही. सेनापती विनायककाकांनाच करू द्या. मी विंगेत बसून त्यांना एकेक शब्द सांगेन. लंडन कदाचित हुकेल. तुमची इतक्या वर्षांची इच्छा माझ्यामुळे मोडेल, हे मला कळतंय. ही भूमिका मलाही फार हवी होती. रविवारी येतो. तुमचा चहा झाला की कप तसाच ठेवा. मी धुवीन."