सेल उतरल्यावरचा रंग

उमरखेडच्या मावसभावाकडे हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम होता. त्याच्या वडिलांनी दुबईहून आणलेला. सुट्टीत तो दिग्रसला आमच्याकडे आला, की मी त्याला खेटून बसायचो. पण तिरप्या नजरेला त्या पडद्यावर धड काही दिसत नसे. मागितला की ठरलेलं उत्तर यायचं, "सेल उतरले की तुले देतो." आणि द्यायचाही. मग मी सेल काढून गच्चीवर उन्हात तापवायचो, परत घालायचो आणि मिळेल तेवढं खेळून घ्यायचो. त्याचा इतका हेवा वाटायचा, की जेवताना त्याच्या ताटातली पोळीसुद्धा मला मोठी दिसायची.

आता मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. यंदा फावल्या वेळात त्या गेमचा एमुलेटर लिहायला घेतला, म्हणजे ते जुनं यंत्र लॅपटॉपवर हुबेहूब उभं करणारा प्रोग्राम. आवड वगैरे सगळं खरं, पण मुख्य कारण मावसभाऊच. त्याचा गेम केव्हाच भंगारात गेला होता. आता त्याच्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे, हे मला एकदा त्याच्या तोंडावर दाखवायचं होतं. आतल्या चिपची माहिती इंटरनेटवर मिळाली. पडद्याचा रंग मात्र मी कुठे शोधला नाही. तो तर डोळ्यांतच होता: फिकट हिरव्यावर जेमतेम दिसणारी राखाडी चित्रं.

दिवाळीत तो आला. मी लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि त्याचा चेहरा बघत बसलो. तो हरखला खरा, पण लगेच त्याने डोळे बारीक केले.

"इतकं फिकं काहून केलं बे? ते तर काळंभोर दिसे."

मी वाद घालणार, एवढ्यात लक्षात आलं. भरल्या सेलचा पडदा मी कधी समोरून पाहिलाच नव्हता. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं.

त्याच्या सांगण्याप्रमाणे रंग गडद केला. चित्रं ठसठशीत उठली. मग तो खेळतच राहिला आणि मी माझ्याच लॅपटॉपकडे शेजारून बघत राहिलो. मले दे म्हणालो, तर त्याने मानही वर केली नाही. शेवटी बॅटरीची खूण लाल झाली, तेव्हा त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"घे, आता तू खेळ."