बार्बाडोसमधली लष्करी छापाची पँट

जहाजाच्या धुलाईखात्यात लागून मला दोनच महिने झाले होते. बार्बाडोसला जहाज लागलं, चार तासांची सुट्टी मिळाली, अन् मी पहिल्यांदाच एकटा बेटावर उतरलो. अंगात गारखेड्याहून आणलेली हिरव्या-तपकिरी डागांची लष्करी पँट. आमच्याकडं भरतीसाठी पळणारं प्रत्येक पोरगं तसलीच घालतं. माझी शाळा नववीत सुटली, भरतीला मी चालतच नव्हतो, तरी दोस्तांसोबत पळायचो.

बंदराबाहेर एक म्हातारी आंबे विकत होती. "हाऊ मच?" मी विचारलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"आधी गुड मॉर्निंग म्हणतात. माणूस आहे मी, खांब नाही."

मी ओशाळलो. गुड मॉर्निंग म्हणालो, वर 'आन्टी' जोडलं. ती खुलली, आंब्याची फोड हातावर ठेवली, अन् तेवढ्यात तिची नजर खाली गेली.

"ही पँट? वेड्या, इथं सैनिकाशिवाय हे घालणं गुन्हा आहे. कोर्टात नेतील!"

मला वाटलं, चेष्टा करते. पँटीपायी कोर्ट? मग आठवलं, सकाळी साहेबांनी भराभर इंग्रजीत सूचना वाचल्या होत्या अन् मी न कळताच 'येस सर' म्हणालो होतो. पोलिसानं धरलं तर जहाज निघून जाणार, नोकरी संपली.

अन् रस्त्यापलीकडून पोलीस येतच होता.

"बस खाली!" तिनं टेबलावरचं फुलाफुलांचं कापड माझ्या पायांवर टाकलं, वर आंब्यांची टोपली.

"हा कोण, जावई?" पोलिसानं विचारलं.

"बसून खातोय, म्हणजे जावईच की!"

दोघं लई हसली. मी मान खाली घालून फोड चघळत राहिलो.

तो गेल्यावर मी टेबलाआड पँट उतरवली, ते कापड लुंगीसारखं गुंडाळलं. तिनं आंब्याच्या सुरीनं पँट फाडून कचऱ्याच्या पिंपात कोंबली. पिशवीतसुद्धा नेऊ दिली नाही. एका परक्यासाठी ही बाई पोलिसाशी खोटं बोलली, हेच मला खरं वाटेना. मी हात जोडून थँक यू म्हणत उभाच.

"थँक यू पुरे! पळ, जहाज सुटेल!"

पळालो. बंदराच्या दरवाजावरचा रखवालदार माझी लुंगी बघून खो-खो हसला, पण जहाजाचं ओळखकार्ड बघितलं अन् आत सोडलं. जहाजाच्या पहिल्याच पायरीवर बसलो.