एकतीस वर्षं डावीकडे

काका रिटायर झाले, पण घरात बस चालूच राहिली.

पहाटे चार चाळीसला उठायचं, पाचला दाढी, सव्वापाचला घरातले सगळे दिवे लावून-विझवून पाहायचे, आणि मग दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर एवढ्या मार्गावर दिवसभर फेऱ्या. काकू ओट्यापाशी उभ्या असल्या की मागून आवाज यायचा, "पुढे सरका, पुढे जागा आहे." काकू सरकायच्या नाहीत. फोनवर बोलणं संपलं की काका "ठेवतो" म्हणत नसत, "चला, शेवटचा थांबा" म्हणत. पलीकडच्या माणसाला वाटायचं, तब्येत बिघडली की काय.

वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. भारतातून शिकायला आलेली, पूल कसे बांधतात ते शिकत होती. वर्षापूर्वी ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर चढवून तिला पाहिलं, तिचं सामान मोजलं आणि आत हाक मारली, "एक पॅसेंजर, तीन डाग." तेव्हापासून ती पॅसेंजर. तिनेही मग सूड उगवला आणि त्या दोघांना आपल्याकडच्यासारखं काका-काकू करून टाकलं. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, हे तिने समजावून सांगितल्यावर काकांनी गंभीरपणे विचारलं होतं, "मग तुमच्या घरात माझी खोली कुठली?"

समुद्र तिथून दोन तासांवर होता. पॅसेंजरने तो पाहिला नव्हता. तिची आई दर रविवारी फोनवर विचारायची, "पाहिलास का गं? नाही? मग तिथं राहून करतेस तरी काय?" पॅसेंजर म्हणायची, अभ्यास. आई म्हणायची, तो काय इथं मिळत नव्हता?

पण खरी गंमत अशी की काकांनीही समुद्र पाहिला नव्हता, आणि काका एकतीस वर्षं समुद्राचीच बस चालवत होते. आठला इथल्या स्टँडवरून निघायचं, दहाला समुद्रकाठच्या गावात पोचायचं, तिथल्या स्टँडवर बारा मिनिटं थांबायचं, गाडी वळवायची, परत. स्टँडवरून समुद्र दिसत नाही, मध्ये टेकाड आहे. काकू दर वर्षी म्हणायच्या, एकदा मला तिकडे न्या. काका म्हणायचे, "रोज तिथंच असतो की मी. सुट्टीच्या दिवशी पण तिथंच?"

रिटायर होऊन पाच महिने झाल्यावर एका शनिवारी काकूंनी पॅसेंजरला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं.

"डेपोच्या साहेबांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या, आणि साहेबांचा आवाज नाकातून काढला. "'बाई, ते आम्हाला अगदी वडिलांसारखे आहेत हो.' कळलं ना, कळलं? वडिलांसारखे म्हणजे पाठवू नका."

काका रोज साडेसातला डेपोच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना टायरमधली हवा सांगायचे, आरसा किती तिरका ठेवायचा ते सांगायचे. पहिल्या महिन्यात पोरांनी चहा पाजला. दुसऱ्या महिन्यात "हो हो, बरोबर" म्हणून निघून जायला लागली.

"आणि आता पाठीमागे ह्यांच्या चालण्याची नक्कल करून दाखवतात," काकू म्हणाल्या. "मी पाहिलंय. कोपऱ्यावर उभी राहून पाहिलंय. ह्यांना अजून माहीत नाही. माहीत व्हायच्या आत ह्यांना तिथून सोडवायचंय. ऐकतेस ना, ऐकतेस?"

"मी काय करू पण?"

"उद्या समुद्रावर जा. ह्यांना बरोबर ने, आणि संध्याकाळच्या गाडीशिवाय आणायचं नाही. एक अख्खा दिवस गाडीशिवाय काढता आला ना ह्यांना, तर दुसराही काढता येईल. दुपारी परत आलात तर मी दार उघडणार नाही. तुला पण."

"तुम्ही पण चला ना, काकू."

"मी आले की हे म्हणणार हिचे गुडघे दुखतात, आणि माझे गुडघे पुढे करून बारा वाजता घरी. तुझे गुडघे कुठे दुखतात?"

 पॅसेंजरचे गुडघे उत्तम होते.

काका लगेच तयार झाले, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. त्यांनी ड्रायव्हरच्या बरोबर मागची सीट धरली. बस एक तरुण मुलगी चालवत होती, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात शिट्टी. दोन तास काकांचा उजवा पाय स्वस्थ बसला नाही. वळण आलं की पाय जमिनीत, उतार आला की पाय जमिनीत. मधूनमधून पुटपुटणं चालू: "तिसरा गिअर टाक. टाक तिसरा. हं, टाकला. उशिरा टाकला." समोरच्या आरशात मुलीचे डोळे एकदा हसले आणि रस्त्यावर गेले.

दहाला दोन मिनिटं कमी असताना बस स्टँडवर लागली. मुलीने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "समुद्रासाठी स्टँडच्या बाहेर पडून उजवीकडे. अकरा मिनिटं चालायचं."

काकांनी पॅसेंजरला कोपर मारलं. "नवीन आहे बिचारी. डावीकडे. पहिल्या दिवशी जुन्या ड्रायव्हरने मला सांगितलं, डावीकडे, सरळ, भिंत संपली की समुद्र. एकतीस वर्षं मी सांगत आलो."

लोक छत्र्या, चटया, पोरं घेऊन उजवीकडे गेले. काका मात्र बसभोवती एक प्रदक्षिणा घालून चारही टायरांना लाथ मारून आले, नळावर तोंड धुतलं, उभ्या उभ्या चहा प्यायले आणि परत येऊन त्याच सीटवर बसले. पॅसेंजर खालून बघत राहिली. घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"काका, उतरा."

"गाडी सुटेल गं."

"सुटू दे."

"पुढची थेट साडेपाचला. नऊची येते ती तोवर इथंच पडून असते. तोवर इथं काय करणार?"

"ते उतरल्यावर ठरवू."

काकांनी ड्रायव्हर मुलीकडे पाहिलं. ती नुसती शिट्टी तोंडात धरून थांबली. पॅसेंजरने आत चढून त्यांची पिशवी उचलली आणि खाली नेली. पिशवीत काकूंनी दिलेला डबा होता. डब्यापाठोपाठ काका उतरले.

बस वळली, धूर सोडला आणि निघाली. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. त्या गाडीचं तोंड त्यांना पाठ होतं, पोट पाठ होतं, आवाज तर झोपेतही ओळखू आला असता. पण ती पाठमोरी जाताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. मागचा एक दिवा लागतच नव्हता. "बघ," ते म्हणाले, पण ते कुणाला सांगायचं ते त्यांना कळेना.

मग शर्ट खाली ओढून ते ताठ झाले. "चल. रस्ता मला तोंडपाठ आहे."

पॅसेंजरला उजवीकडून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता, वाराही तिकडूनच येत होता. पण आत्ता कुठे हा माणूस ताठ झाला होता. ती गुपचूप डावीकडे निघाली.

डावीकडे, सरळ. भिंत होती. भिंत चालली, चालली, चालतच राहिली, आणि संपायच्या ऐवजी एका लोखंडी फाटकाला जाऊन मिळाली. फाटकावर पाटी: बर्फ कारखाना, मागील दार. पलीकडे काही नव्हतं, अमोनियाचा वास तेवढा होता. फाटकाशी एक म्हातारा वॉचमन खुर्चीत बसला होता. त्याच्याशेजारी एक लांब बाक, बाकाशेजारी पाण्याचं पिंप, पिंपावर उलटे ठेवलेले सहा पेले, आणि भिंतीला टोप्या अडकवायच्या खुंट्या.

वॉचमनने या दोघांना पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की पॅसेंजरने मागे वळून पाहिलं, आणखी कुणी येतंय का.

"समुद्र का?" तो म्हणाला. "या, या. आधी बसा. पाणी प्या. समुद्र उलट्या दिशेला. काही काळजी नाही, तो काय पळत नाही."

"भिंत संपली की समुद्र," काका म्हणाले.

"तसं नव्हे. होता तसा. एकोणतीस वर्षांपूर्वी कारखाना झाला आणि वाट बंद झाली. पण एक बस ड्रायव्हर आहे, त्याला ते कुणी सांगितलंच नाही. सकाळचा. रोज दहा-बारा जण माझ्याकडे पाठवायचा. लोकांनी परतीच्या गाडीला तक्रार करावी, तर संध्याकाळचा ड्रायव्हर वेगळा. तो म्हणायचा, माझा काय संबंध." वॉचमनने पेले सुलटे केले. "रोज शिव्या घालायचो त्याला मी. जन्माचा आंधळा, म्हणायचो. एकदा चाळीस पोरांची सहल आली. चाळीस. नवीन लग्न झालेली जोडपी यायची, भांडत यायची, इथं बसून समेट करून जायची. मग मी बाक केला. मग खुंट्या. एक बाई तर दर वर्षी आधी इथं येते, पाणी पिते, आणि मग समुद्रावर जाते."

काकांचे कान लाल झाले होते. त्यांनी पेला हातात धरला होता आणि पीत नव्हते. पॅसेंजरच्या मनात एकच हिशेब चालला होता: आता हा माणूस उठणार, स्टँडवर जाऊन साडेपाचपर्यंत खांबाला टेकून उभा राहणार, आणि उद्या साडेसातला पुन्हा डेपोच्या फाटकाशी. तेवढं एक त्यांच्याकडे होतं, की आपण एकतीस वर्षं माणसं समुद्रावर पोचवली. तेही गेलं.

"आता कसं," तिने घाईघाईने वॉचमनला विचारलं, "आता बरं असेल ना? नवीन ड्रायव्हर बरोबर सांगते."

"तसं नव्हे," वॉचमन म्हणाला आणि बाकावरची धूळ हाताने झटकली. धूळ नव्हतीच. "पाच महिने झाले, कुत्रं फिरकत नाही. सकाळी पिंप भरतो, घरी जाताना झाडांना ओततो. मेला बहुतेक तो."

"मेलेला नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

काकांनी पेला खाली ठेवला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मीच तो," ते म्हणाले. "जन्माचा आंधळा."

वॉचमनने त्यांना डोक्यापासून बुटांपर्यंत पाहून घेतलं. पॅसेंजर मधे पडायच्या तयारीने बाकाच्या टोकाला सरकली.

"उंच असशील असं वाटलं होतं," वॉचमन शेवटी म्हणाला. "जाड आणि उंच. मी शिव्या घालायचो त्या एका उंच माणसाला."

"मला कुणी सांगितलं नाही रे," काका म्हणाले. "एकाने तरी येऊन सांगायचं."

"कधी सांगणार? तू बारा मिनिटांत पळून जायचास." वॉचमनने खुर्ची बाकाला चिकटवली. "बस आता. त्या चाळीस पोरांचं ऐक आधी. त्यांचे मास्तर इथं या खुंटीशी रडले होते."

दोघं जे बसले ते बसले. काकांना आठवायचं, "निळी पिशवी, मोठा आवाज, पुढची सीट", आणि वॉचमन म्हणायचा, "हां, तीच, तिने इथं जोडे फेकले." एकाने माणूस चढताना पाहिलेला, दुसऱ्याने चुकल्यावर पाहिलेला, आणि दोघांना जोडून अख्खा माणूस तयार होत होता. काकूंचा डबा तिघांत संपला. पॅसेंजर मधेच उठून एकटी समुद्रावर जाऊन आली, पाय ओले करून, आईला फोन करून. आई म्हणाली, "पाहिलास? मग? कसा आहे?" पॅसेंजर म्हणाली, "मोठा आहे." परत आली तेव्हा काका वॉचमनला खुर्चीतल्या खुर्चीत तिसरा गिअर कसा टाकायचा ते शिकवत होते.

तीनला वॉचमनची पाळी संपली. तिघं उलट्या दिशेने चालत गेले, स्टँडवरून, टेकाड ओलांडून. काका वाळूच्या कडेला थांबले, बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभे राहिले. लाट आली, गेली.

"हे रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"तसं नव्हे," वॉचमन म्हणाला. "कधी जास्त असतं."

काकांनी आणखी तीन लाटा मोजल्या. मग पॅसेंजरकडे न बघता म्हणाले, "हिला आणायला हवं होतं."

संध्याकाळच्या गाडीत ते मागच्या बाकावर बसले आणि पहिल्या वळणालाच झोपले. काकूंनी दार उघडलं, नवऱ्याच्या पँटच्या ओल्या कडा पाहिल्या, आणि पायपुसणं पुढे सरकवलं.

सोमवारी सव्वासातला पॅसेंजर क्लासला निघाली तर काका बूट घालून दारात उभे. 

"डेपोत?" तिने विचारलं.

"डेपोत कशाला? आठची गाडी धरायची आहे." त्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत एकावर एक तीन डबे. "त्या वॉचमनची ड्यूटी सहालाच सुरू होते. उपाशी बसतो गाढव."

आतून काकूंचा आवाज येत होता, तावातावाने. "काल रात्री सांगतात, उद्या चल. जसं काही मला घरात कामंच नाहीत. आणि हे केस. खारा वारा असतो ना तिथं, असतो ना? ए पोरी, जाऊ नकोस, बघ जरा मागून नीट दिसतंय का." काकू बाहेर आल्या. एका पायात बूट होता, दुसरा हातात होता, आणि केस मागून अगदी नीट दिसत होते. मग त्या दचकल्या. "गॅस. गॅस बंद केला का मी? थांबा, बघून येते."

पॅसेंजरने घड्याळ पाहिलं. सात पंचवीस झाले होते आणि इथला स्टँड चांगला अर्ध्या तासावर होता. काकांनी घड्याळ पाहिलं नाही. ते पिशवी मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले, पाय लांब केले आणि आत ओरडून म्हणाले, "सावकाश बघ. नऊची पण आहे."